उताऱ्यातील आधार देऊन उत्तर लिहायला मुलांना कसे शिकवावे?

प्रश्न : सहायक शिक्षिका, इयत्ता आठवी, बुलढाणा जिल्हा

नमस्कार. जून २०२० मध्ये लोणार सरोवराचे पाणी गुलाबी झाले होते, त्या घटनेवर मी वर्गासाठी दहा-बारा ओळींचा उतारा तयार केला. उष्णतेने बाष्पीभवन वाढले, पाण्याची क्षारता वाढली आणि क्षारप्रिय सूक्ष्मजीवांमुळे पाण्याला रंग आला, हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेचा निष्कर्ष त्यात दिला होता. ‘रंग कशामुळे बदलला, ते उताऱ्याच्या आधारे लिहा’ या प्रश्नावर निम्म्या मुलांनी चार ओळी जशाच्या तशा उतरवून काढल्या, तर बाकीच्यांनी देवीचा कोप, कारखान्याचे पाणी असे काहीबाही लिहिले. कारखान्याचे लिहिणाऱ्या एकाला विचारले, तेव्हा तो म्हणाला, “माह्या आजीनं सांगतलं.” त्याच्या दृष्टीने तोही आधारच होता! हा फरक मुलांना कसा समजावून द्यावा?

उत्तर १ : शिक्षक, मेळघाट

आमच्या वर्गातील बहुतेक मुले घरी कोरकू बोलतात, त्यामुळे आम्ही लिहिण्याआधी बराच वेळ तोंडी काम करतो. एकाने उत्तर द्यायचे, दुसऱ्याने ‘कशावरून?’ एवढेच विचारायचे आणि पहिल्याने उताऱ्यातील नेमक्या ओळीवर बोट ठेवायचे. बोट ठेवता आले नाही, तर ते उत्तर फळ्यावरील ‘बाहेरून कळले’ या रकान्यात जाते. आजीचे म्हणणे कृपया खोडू नका. त्याला त्याचा रकाना द्या.

उत्तर २ : निवृत्त मुख्याध्यापक, यवतमाळ जिल्हा

मला दोष प्रश्नात दिसतो. ज्याचे उत्तर उताऱ्यात सलग लिहिलेले आहे, तिथे मूल उतरवून काढणारच; त्याला दुसरे करण्यासारखे आपण काही ठेवलेलेच नसते. त्याऐवजी ‘पाण्याचा रंग बदलण्यात माणसाचा दोष होता, असे या उताऱ्यावरून म्हणता येईल का?’ असे विचारून पाहा. मग मुलाला ओळी निवडाव्या लागतील आणि त्या ओळींवरून आपले मत कसे निघते, हेही सांगावे लागेल. माझ्या अनुभवात मुले ओळ शोधतात, पण ओळ आणि मत यांमधला ‘म्हणून’ गाळतात, आणि आपणही अवतरणचिन्हे पाहून गुण देऊन मोकळे होतो. ‘सांगता येत नाही’ हे उत्तरही कारणासह आले, तर ग्राह्य धरावे.

उत्तर ३ : शिक्षिका, वर्धा जिल्हा

वरील मताशी सहमत आहे. मात्र ‘उताऱ्यात म्हटले आहे की…’ अशी ठरावीक सुरुवात मुलांकडून फार दिवस घोकून घेऊ नये. माझ्या वर्गात तिची इतकी सवय लागली की मुले स्वमताच्या प्रश्नालाही तशीच सुरुवात करू लागली.

प्रश्नकर्ती

सर्वांचे आभार. दोन रकाने आखले आणि सरांचा प्रश्न काल वर्गात दिला. उतरवून काढणारी मुले अजून अडखळतात; तीन-चार जणांनी तर ‘म्हणून’ लिहून पुढची जागा कोरी सोडली. आजीचा दाखला देणाऱ्या मुलाने मात्र असे लिहिले : ‘कारखान्याचे पाणी मिसळले, असे उताऱ्यात नाही. मिसळले नाही, असेही उताऱ्यात नाही. म्हणून माणसाचा दोष होता की नाही, हे यावरून सांगता येत नाही.’ त्याला मी पूर्ण गुण दिले.