अचानक एका कानाने ऐकू येईनासं झालं तेव्हा : तुमचे अनुभव लिहा

पाऊलवाट

गेल्या श्रावणात एका सोमवारी पहाटे उठले तर उजव्या कानात दडा बसलेला. सर्दी नव्हती, ठणका नव्हता. बहिणीचा फोन आला, नेहमीप्रमाणे उजव्या कानाला लावला, पलीकडे सगळं शांत. डाव्या कानाला लावला तेव्हा कळलं, ती केव्हाची ‘हॅलो, हॅलो’ करत होती. मळ असेल म्हणून तेल घातलं. मग मेडिकलमधून थेंब आणले. मग वाफ घेतली. ईएनटी डॉक्टरांकडे गेले तो नववा दिवस होता.

डॉक्टरांनी कानात पाहिलं, कान स्वच्छ होता. मग नादकाटा (ट्यूनिंग फोर्क) वाजवून कपाळाच्या मधोमध टेकवला आणि आवाज कुठल्या बाजूला येतो ते विचारलं. डावीकडे, म्हणजे चांगल्या कानात. मळ किंवा पाणी असतं तर तो बंद कानातच मोठा वाटला असता. चांगल्या कानाकडे गेला म्हणजे बिघाड आतल्या कानात किंवा नसेत. ऑडिओग्रामवर, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीच्या आलेखावर, उजवा कान ७० डेसिबलला (आकडा जितका मोठा तितकं ऐकू कमी). आता वर्षभराने ४५ वर आहे. कुकरची शिट्टी ऐकू येते, पण ती आमच्या घरातली की शेजारची ते सांगता येत नाही.

ते नऊ दिवस मनातून जात नाहीत, म्हणून हा धागा काढते आहे. लागोपाठच्या तीन फ्रिक्वेन्सींवर ३० डेसिबल किंवा त्याहून जास्त ऐकणं ७२ तासांच्या आत गेलं, तर त्याला अचानक आलेला बहिरेपणा म्हणतात आणि ती तातडीची गोष्ट आहे, हे मला कुणी आधी सांगितलेलं नव्हतं. ज्यांच्यावर हे गुदरलं त्यांनी लिहा: कितव्या दिवशी गेलात, काय उपचार झाले, किती परत आलं. ‘कानाचं रक्ताभिसरण कमी झालं’ असं मला चार जणांनी चार प्रकारे सांगितलं. तुम्हाला काय सांगितलं तेही लिहा.

घाटवळण

मी एसटीत वाहक आहे. भर गर्दीत डावीकडचा प्रवासी ‘दोन फुल, एक हाफ’ म्हणतोय हे त्याच्या ओठांवरून कळलं, आवाज आलाच नाही. त्याच कानात भट्टीसारखी घरघर सुरू. दुसऱ्याच दिवशी दाखवलं, कारण आमच्या डेपोतल्या एकाचा कान असाच गेला होता आणि तो महिनाभर थांबला होता.

स्टिरॉइडच्या गोळ्या, रोज ६० मिलिग्रॅम, नंतर कमी करत बंद. मला मधुमेह. चौथ्या दिवशी साखर ३१० झाली. बायको म्हणाली गोळ्या थांबवा. मी थांबवल्या नाहीत, डॉक्टरांना फोन केला. त्यांनी इन्सुलिन वाढवून दिलं आणि रोज साखर तपासायला सांगितली. झोप उडाली, पित्त झालं, सगळं सोसलं. आठव्या दिवशी गाडीच्या इंजिनाचा जाड आवाज त्या कानात आला. तीन आठवड्यांत जवळजवळ सगळं परत. घरघर रात्री शांततेत थोडी असते.

श्रवणखोली

मी ऑडिओलॉजिस्ट आहे. पाऊलवाट, तुमच्या रक्ताभिसरणाच्या प्रश्नावर जरा सविस्तर लिहिते, कारण असे रुग्ण आले की हा प्रश्न हमखास येतो.

आतल्या कानाला रक्त नेणारी धमनी एकच आणि अगदी बारीक. मेंदूच्या खालच्या बाजूच्या एका धमनीतून ती फुटते. हाताला, पायाला एक वाट अडली तर बाजूच्या वाटेने थोडंफार रक्त पोचतं. इथे दुसरा पाट नाही. हा पाट बुजला की टेलचं शेत कोरडंच. आणि या शेताला पाणी सतत लागतं: आतल्या कानातल्या शंखाच्या आकाराच्या नळीच्या भिंतीतला रक्तवाहिन्यांचा एक पट्टा आतल्या द्रवात सुमारे ८० मिलिव्होल्ट विद्युतदाब राखून ठेवतो. त्याच दाबावर केसपेशी आवाजाचे संदेश तयार करतात. एका कानात अशा साधारण १५,००० पेशी असतात आणि माणसात मेलेली पेशी पुन्हा उगवत नाही.

म्हणून रक्त कमी पडल्याचा तर्क सयुक्तिक आहे. पण जिवंत माणसाच्या कानात ती धमनी तुंबलेली दाखवता येत नाही. विषाणू, शरीराची स्वतःवरच उलटलेली प्रतिकारशक्ती हेही संशयित आहेत, आणि दहातल्या सुमारे नऊ जणांत नेमकं कारण सापडतच नाही. त्यामुळे ‘रक्ताभिसरण वाढवायच्या’ गोळ्यांवर भिस्त ठेवू नका. अमेरिकेतल्या ईएनटी तज्ज्ञांच्या संघटनेने २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांत रक्तवाहिन्या रुंद करणारी आणि गुठळी विरघळवणारी औषधं सरसकट देऊ नयेत असं स्पष्ट म्हटलं आहे. रक्त पातळ करायची गोळी घरच्या घरी तर कधीच सुरू करू नका.

स्टिरॉइड पहिल्या दोन आठवड्यांत सुरू व्हावं. सुधारणा अपुरी राहिली तर दोन ते सहा आठवड्यांच्या दरम्यान पडद्यातून कानात इंजेक्शन देतात. १९८० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात स्टिरॉइड घेणाऱ्यांपैकी ६१ टक्के सुधारले, औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांपैकी ३२ टक्के. हा दुसरा आकडा लक्षात ठेवा. जवळजवळ तिसरा हिस्सा लोक आपोआप सुधारतात, म्हणून बीटाचा रस, मानेची मालीश, कुणाचा काढा, सगळ्यालाच ‘गुण’ येतो. त्या गुणाच्या भरवशावर दिवस घालवलेली माणसं मी रोज बघते आणि जीव तुटतो.

पाऊलवाट

श्रवणखोली, इतकं नीट मला कुणीच सांगितलं नव्हतं. मनापासून आभार.

खर्ज

मी हार्मोनियम शिकवतो. डावा कान गेला, तिसऱ्या दिवशी उपचार सुरू झाले, सहाव्या दिवशी ऐकू येऊ लागलं. घरात आनंद. मी पेटी उघडली, काळी एकचा सा दाबला आणि उजव्या कानात सा, डाव्यात त्याहून जवळजवळ अर्धा स्वर चढा. दोन पेट्या, एक बेसूर, आणि दोन्ही माझ्याच डोक्यात.

ऑडिओग्राम ३५ डेसिबल म्हणत होता, म्हणजे कागदावर उत्तम प्रगती. पण ज्याचं आयुष्य सुरावर आहे त्याला ते कसं सांगावं? दीड महिना शिकवणी बंद ठेवली. मग रोज पंधरा मिनिटं नुसता तंबोरा लावून बसायला लागलो, अगदी हळू आवाजात. त्याने बरं झालो असं म्हणणार नाही, पण हात जोडून बसण्यापेक्षा ते बरं वाटलं. चार महिन्यांनी दोन्ही कानांचा सा एका जागी आला. त्या दिवशी मी रडलो. तंबोऱ्याची जवारी मात्र डाव्या कानाला अजून मिळत नाही. वरचे बारीक स्वर तिथे पोचतच नाहीत.

वऱ्हाडी मुलगी

बाबांचं लिहिते, वय ७१. अंघोळ करून आले आणि म्हणाले, ‘खोली फिरून राहिली, अन् हा कान बंद झाला.’ उलट्या झाल्या. जवळच्या दवाखान्यात चक्करेची गोळी मिळाली. दुपारी चहाचा कप ओठांपर्यंत नीट नेता येईना आणि चेहरा एका बाजूने ओघळलेला दिसला, तेव्हा मोठ्या दवाखान्यात नेलं. एमआरआयमध्ये लहान मेंदूतला पक्षाघाताचा झटका निघाला. वर ज्या धमनीबद्दल लिहिलंय तिचंच मूळ अडलं होतं. कानाने आधी सूचना दिली होती, आम्हाला ती वाचता आली नाही. बाबा आता काठी घेऊन चालतात. कान आला नाही. ज्यांच्या घरी वयस्क माणूस आहे, बीपी आहे, बिडी आहे, त्यांनी कान आणि चक्कर एकदम आले तर कृपा करून थांबू नका.

मांडवीकाठ

माझा परत आला नाही. पाचव्या दिवशी गेले होते, गोळ्या, इंजेक्शनं सगळं झालं, ९० च्या पुढेच राहिला. उशीर न करताही असं होतं, हेही इथे नोंदलेलं असावं. आता क्रॉस प्रकारचं यंत्र वापरते: मेलेल्या बाजूचा आवाज चांगल्या कानाकडे पाठवतं. जेवायला बसताना सगळ्यांना माझ्या उजवीकडे बसवते.

नारळीपाडा

गोळ्यांबरोबर मला प्राणवायूच्या बंद कक्षातही बसवलं, दीड-दीड तास, दहा वेळा. हवेचा दाब वाढला की रक्तातून जास्त प्राणवायू आतल्या कानापर्यंत पोचतो असं समजावलं. घाट उतरताना कान गच्च होतात तसं होतं, आवंढा गिळत राहायचं. ८० वरून ५० वर आलो. गोळ्यांनी की कक्षाने, ते सांगता येत नाही. खर्च बराच आहे, आधी विचारून घ्या.

रातराणी

सगळं वाचलं. आज पहाटेपासून माझा उजवा कान असाच आहे. सर्दी नाही. घरात भावाची हळद आहे, उद्या लग्न. परवा दाखवलं तर चालेल का?

पाऊलवाट

आज जा. दवाखाना बंद व्हायच्या आत. हळद तुमच्यावाचूनही लागेल.

रातराणी

मांडवातून उठून गेले, आई रागावली. कान स्वच्छ निघाला. ऑडिओग्राम ६५. गोळ्या सुरू केल्या, एमआरआय पुढच्या आठवड्यात. आता परत आले आहे, सनई वाजते आहे आणि ती फक्त डाव्या बाजूने येते.

पाऊलवाट

दहाव्या दिवशीचा ऑडिओग्राम इथे लिहा. मी रोज येऊन बघेन.