मदत हवी: ताप उतरला की पेशंट परत येत नाही, काय करायचं?

नमस्कार, मी बीएस्सी नर्सिंग करून गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या एका उपकेंद्रावर सीएचओ (सामुदायिक आरोग्य अधिकारी) आहे. डॉक्टर रोज नसतात त्यामुळे ताप, जुलाब, खोकला सगळं आधी माझ्याच टेबलावर येतं.

गणेश चवथीच्या आधी एक १६ वर्षांचा मुलगा आला, ३ दिवस ताप, डोळ्यांच्या मागे दुखतंय म्हणाला. मलेरियाची किट निगेटिव्ह. डेंग्यूसाठी एनएस१ चाचणीला रक्त पाठवलं, पॅरासिटामोल दिली, ब्रुफेन-डिक्लोसारख्या दुखण्याच्या गोळ्या अजिबात नको (रक्तस्राव वाढू शकतो), ओआरएस आणि पेज चालू ठेवा असं आईला दोनदा सांगितलं आणि परवा या म्हटलं. आला नाही. आशाताईंना घेऊन घरी गेले तर आई खुशीत, ताप गेला ताई, आता बरा आहे, जरा पोटात दुखतंय एवढंच. मुलगा खाटेवर निपचित, तळहात गार आणि ओले. बीपी १००/८४. वरचा १०० बघून मला हायसं वाटलं होतं, मग खालचा आकडा दिसला, फरक फक्त १६, म्हणजे शॉकची खूण! फोनवर मेडिकल ऑफिसरना विचारून सलाईन लावली, १०८ने बांबोळीला, गोवा मेडिकल कॉलेजात नेलं. आता बरा आहे, पण मला अजून झोप लागत नाही.

आणि शौचाला काळं होतंय (म्हणजे पोटात रक्तस्राव असू शकतो) हे त्याने आईसमोर सांगितलंच नव्हतं, गाडीत मला एकटीला सांगितलं.

डेंग्यूत ताप उतरतो तेव्हाच रक्तातलं पाणी बाहेर झिरपायला लागतं हे मी शिकलेय, पण घरच्यांना ते पटेल असं कसं सांगायचं? कुळागरात (सुपारी-नारळाच्या बागेत) रोजंदारीला जाणारी मोठी माणसं तर ताप गेला की दुसऱ्या दिवशी कामावर. तुम्ही काय करता?

उत्तर: ताई, वेळेत घरी गेलात म्हणून पोर वाचलं. परवा नाही, रोज बोलवायचं. मी गोळ्यांच्या पाकिटावरच ताप सुरू झाल्याची तारीख लिहिते आणि सांगते, ताप गेला की त्याच दिवशी या, पुढचे २ दिवस मी बघितल्याशिवाय कामावर नाही. पोटात दुखणं, सारखी उलटी, हिरड्यांतून रक्त, ६ तास लघवी नाही, यातलं एक जरी दिसलं तरी थेट १०८. घरच्यांकडून हे परत वदवून घ्या, नुसती मान हलवली तर सोडू नका. आणि पोरगं १२-१३च्या वरचं असेल तर आईला केसपेपर करायला बाहेर पाठवते, तेवढ्या ५ मिनिटांत ते बोलतं.