माथेरानची फसलेली एकदिवसीय सहल: लहान मुलांना घेऊन पुन्हा जावे का, आणि गेलो तर कसे?

प्रश्न (डोंबिवलीची आई)

नमस्कार. जुलैतल्या एका रविवारी आम्ही डोंबिवलीहून स्वतःच्या गाडीने एका दिवसासाठी माथेरानला गेलो. सोबत साडेचार वर्षांची मुलगी, तेरा महिन्यांचा मुलगा आणि गुडघे दुखणाऱ्या सासूबाई होत्या. जायचे शनिवारी रात्री ठरले. सातला निघायचे म्हणता म्हणता साडेनऊ वाजले, आणि बदलापूरच्या पुढे थांबून मुलीला पोटभर पुरीभाजी खाऊ घातली, ती सगळी तिने नेरळच्या घाटात उलटून टाकली. वर दस्तुरीचा वाहनतळ भरलेला असल्यामुळे गाड्या घाटातच खोळंबल्या होत्या, आणि त्या रांगेत आमचा जवळजवळ दीड तास गेला.

मुलीला आम्ही आठवडाभर "नेरळहून छोट्या आगगाडीत बसायचे" असे सांगत होतो. पावसाळ्यात नेरळची गाडी बंद असते आणि फक्त दस्तुरीजवळच्या अमन लॉज स्थानकापासून माथेरानपर्यंत छोट्या गाडीची शटल चालते, हे आम्हाला तिथे पोहोचल्यावर कळले. शटलच्या खिडकीवरची रांग पाहून आम्ही चालत निघालो. तांबड्या चिखलात बाबागाडीची पुढची चाके दगडांमध्ये रुतू लागली, तेव्हा ती मिटून यजमानांनी खांद्यावर घेतली आणि बाळ माझ्या कडेवर आले. वाटेत मुलीची एक चप्पल चिखलात अडकून राहिली. ती काढायला मी वाकले, तेवढ्यात माकडाने सासूबाईंच्या हातातली पिशवी ओढून नेली. बाळाचा मऊ भात आणि केळी त्याच पिशवीत होती.

बाजारपेठेत पोहोचलो तेव्हा साडेतीन वाजले होते. बाळ झोपले नव्हते, जेवले नव्हते, आणि त्याचे कपडे ओले होते. अंधारात घाट उतरायची भीती वाटत असल्यामुळे तासाभरात परत फिरलो. एकही पॉइंट पाहिला नाही. घरी आल्यावर मुलगी आगगाडीसाठी रडत झोपी गेली आणि सासूबाई दोन दिवस पाय धरून होत्या.

मुलीला दिलेला शब्द मला पाळायचा आहे. इतक्या लहान मुलांना घेऊन माथेरान एका दिवसात करता येते का, आणि येत असेल तर दिवसाची आखणी कशी करावी, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

उत्तर १ (नेरळचे रहिवासी)

ताई, वाचून वाईट वाटले. असे भिजलेले, थकलेले कुटुंब पावसाळ्यातल्या प्रत्येक रविवारी आम्हाला दिसते, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

माथेरानचे अंतर नकाशावर मोजून चालत नाही. नेरळपासून दस्तुरी आठेक किलोमीटरच आहे, पण तिथून पुढे खासगी गाड्यांना बंदी असल्यामुळे बाजारपेठेपर्यंतचे सुमारे अडीच किलोमीटर शटलने, ई-रिक्षाने, घोड्यावरून किंवा पायी जावे लागते. तुमच्या दिवसाचा मोठा भाग याच टप्प्यात जातो, आणि बेत आखताना बहुतेकांच्या लक्षात नेमका हाच टप्पा राहत नाही.

डोंबिवलीहून तुम्हाला गाडी आणण्याची गरजच नाही. सकाळची पहिली-दुसरी कर्जत लोकल पकडा. तासाभरात नेरळला उतराल आणि स्थानकाबाहेर दस्तुरीला जाणाऱ्या वाटणीच्या टॅक्सी मिळतील. शटलच्या वेळा आदल्या दिवशी पाहून ठेवा आणि वर पोहोचताच परतीच्या तिकिटाची चौकशी करा, कारण संध्याकाळी सगळे एकाच वेळी खाली यायला निघतात.

बाबागाडी घरीच ठेवा. बाळाला छातीशी बांधायची झोळी घ्या, म्हणजे हात मोकळे राहतील आणि बाळ तिथेच झोपेल. खाण्याचे डबे पाठीवरच्या बंद पिशवीत असू द्या, कारण हातात लोंबणारी प्लास्टिकची पिशवी माकडांना लांबूनच ओळखू येते. आजींना चालवू नका. घोड्यावर मुलीला बसवणार असाल तर ते कोरड्या दिवसांतच करावे. पावसात वाट निसरडी असते आणि घोड्याचाही पाय घसरतो.

आगगाडीविषयी सांगायचे तर नेरळ-माथेरान मार्ग 1907 साली सुरू झाला. रूळ अवघे दोन फूट रुंदीचे आहेत आणि सुमारे 21 किलोमीटर चढायला दोन तासांहून अधिक लागतात. साडेचार वर्षांच्या मुलीला पहिल्या अर्ध्या तासात जो आनंद होईल, तो पुढच्या दीड तासात टिकेलच असे नाही, आणि तेरा महिन्यांच्या बाळाला तर नाहीच. शटल मात्र वीसएक मिनिटांत पोहोचते, डबे तेच छोटे असतात आणि मुलांचे तेवढ्याने पूर्ण समाधान होते.

उत्तर २ (निवृत्त परिचारिका)

मी बालरुग्ण विभागात अनेक वर्षे काम केले आहे, त्यामुळे प्रकृतीपुरतेच बोलते.

दोन वर्षांखालच्या बाळांना सहसा गाडी लागत नाही, परंतु दोन ते बारा या वयात हा त्रास सर्वाधिक होतो. तुमच्या मुलीला घाटात उलट्या झाल्या, त्यामागे तळलेले भरपेट खाणे आणि वळणे ही दोन्ही कारणे असणार. निघण्याच्या दीड-दोन तास आधी पोळीचा तुकडा किंवा इडली असे कोरडे, हलके खाणे द्यावे. घाटात तिला समोरचा रस्ता दिसेल असे बसवावे, काच थोडी उघडी ठेवावी आणि हातात मोबाईल देऊ नये. उलटी थांबवणारे औषध डॉक्टरांना विचारल्याशिवाय लहान मुलांना देऊ नये.

मला अधिक काळजी वाटली ती बाळाच्या ओल्या कपड्यांची. वजनाच्या मानाने बाळाच्या त्वचेचा विस्तार मोठा असल्यामुळे त्याच्या अंगातली ऊब मोठ्यांपेक्षा फार लवकर कमी होते, आणि सुमारे आठशे मीटर उंचीवर वारा असतोच. कपड्यांचे दोन पूर्ण जोड, टोपी आणि एक दुपटे वेगवेगळ्या प्लास्टिकमध्ये बांधून पिशवीच्या अगदी वर ठेवावे.

आणखी एक गोष्ट मनापासून सांगते. त्या दिवशी मुले रडली ती हट्टीपणाने नव्हे. एक उपाशी आणि झोपेविना होते, दुसरीचे पोट उलट्यांनी रिकामे झाले होते. सहलीचे वेळापत्रक बाळाच्या झोपेभोवतीच मांडावे लागते. तुमचे बाळ दुपारी बारा ते दोन झोपत असेल, तर त्या दोन तासांत आपण कुठे बसलेले असू, हे आधी ठरवावे आणि बाकीचा दिवस त्यानंतर जुळवावा.

उत्तर ३ (दोन मुलांचे वडील, ठाणे)

वरच्या दोन्ही उत्तरांविषयी आदर आहे, तरीही माझे मत थोडे वेगळे आहे. धाकटा तीन वर्षांचा होईपर्यंत माथेरान एका दिवसात करूच नये. आम्ही पहाटे निघून, झोळी घेऊन, सगळी काळजी घेऊन गेलो होतो, तरी जाण्यायेण्याचे सहा-सात तास वजा केल्यावर वर मिळालेला वेळ मुलांना खाऊ-पिऊ घालण्यात आणि कपडे बदलण्यातच गेला. जायचेच असेल तर एक रात्र राहावे. सकाळी सातला बाजारपेठेच्या रस्त्यावर गर्दी नसते, मुले ताजीतवानी असतात आणि शार्लोट तलावापर्यंत रमतगमत जाता येते.

एकाच दिवसाची सहल हवी असेल तर तुमच्या मुलांच्या वयाला भायखळ्याची राणीची बाग अधिक योग्य आहे. डोंबिवलीहून जलद लोकलने थेट भायखळ्याला उतरता येते. आतले रस्ते सपाट असल्याने बाबागाडी चालते, आजींना बसायला बाके आहेत, आणि 2017 पासून पेंग्विनही पाहायला मिळतात. बाळ पेंगुळले तर झाडाखाली सतरंजी टाकावी. बुधवारी बाग बंद असते, तेवढे लक्षात ठेवा.

प्रश्नकर्त्या आईचे उत्तर

आपण सर्वांनी इतके मनापासून लिहिलेत, त्याबद्दल आभारी आहे. बाळ साडेबाराला झोपते. त्या रविवारी साडेबारा वाजता आम्ही घाटातल्या रांगेत होतो, आणि इंजिन बंद करून काचा लावलेल्या गाडीत ते घामाने भिजून रडत होते. झोपेचा विचार मी त्या दृष्टीने कधी केलाच नव्हता.

यजमानांशी बोलून असे ठरवले आहे की येत्या शनिवारी राणीच्या बागेत जायचे आणि चारच्या आत घरी परतायचे. माथेरानला डिसेंबरमध्ये, मधल्या वारी, एक रात्र राहण्याच्या बेताने जाऊ. सासूबाई म्हणाल्या की शटलमध्ये बसायला मिळणार असेल तर त्याही येतील. मुलीला मी आजच सांगितले की आगगाडी अमन लॉजहून सुटते आणि ती थंडीत आहे. तिने भिंतीवरच्या कालनिर्णयावर डिसेंबरचे पान काढून मागितले आणि त्यावर खडूने एक लाल डबा काढून ठेवला आहे.

नेरळच्या दादांना एकच विचारायचे आहे: मधल्या वारी सकाळच्या शटलला साधारण किती आधी रांगेत उभे राहावे लागते?