उंचीचं जनुक आईकडून येतं का? सोसायटी ग्रुपवरची चर्चा

ए-३०२: सकाळचा 'मुलाची उंची आईवर जाते' हा फॉरवर्ड चुकीचा आहे, कृपया पुढे पाठवू नका. उंचीचं एकच एक जनुक नसतंच. २०२२ मध्ये सुमारे ५४ लाख लोकांच्या डीएनएचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात उंचीशी निगडित १२ हजारांवर बदल सापडले, बहुतेकांचा परिणाम अगदी किरकोळ.

सी-१०४: मग शाळेतला मेंडेलचा वाटाणा? उंच-बुटके ३:१?

ए-३०२: ते खरंच आहे ताई, पण त्या वाटाण्यात उंची एका जनुकावर ठरत होती. आपलं गव्हासारखं आहे. १९०९ च्या सुमारास स्वीडनच्या निल्सन-एले यांनी लाल आणि पांढऱ्या दाण्याच्या गव्हाचा संकर केला. एका संकरात दुसऱ्या पिढीत पांढरं निघण्याचं प्रमाण ६४ मध्ये एक, बाकी सगळे फिक्या ते गडद लाल छटांचे. जनुकं तीन, प्रत्येकाच्या दोन प्रती. लाल प्रती शून्य ते सहा किती, यावरून ६४ दाण्यांची वाटणी केली तर १, ६, १५, २०, १५, ६, १. मधे गर्दी, टोकाला एकेक. जनुकं हजारो झाली की या पायऱ्या पुसल्या जातात.

सी-१०४: आणि सख्ख्या भावांत चार इंचांचा फरक?

ए-३०२: प्रत्येक मूल आईकडून निम्मं, बाबांकडून निम्मं घेतं, पण कोणतं निम्मं ते दर वेळी वेगळं.

बी-६०१: बालरोगतज्ज्ञ वापरतात तो हिशेब देतो. दोघांची उंची सेंटिमीटरमध्ये मिळवा. मुलगा असेल तर १३ मिळवा, मुलगी असेल तर १३ वजा करा, मग निम्मे करा. बाबा १६८, आई १५५: मुलगा १६८, मुलगी १५५. दोन्हीकडे साधारण ८ सेंमी सूट धरायची, म्हणजे मुलगा १६० ते १७६ मध्ये कुठेही. आईबाबांचीच वाढ लहानपणी कुपोषणाने किंवा आजाराने खुंटली असेल, तर हा आकडा कमी येतो.

डी-२०३: डॉक्टर, उंचीची पावडर द्यावी का?

बी-६०१: नको. आधी नीट मोजा काका. अनवाणी, अंबाडा-वेणी सोडून, टाचा भिंतीला, नजर समोर, डोक्यावर पुस्तक भिंतीशी काटकोनात. संध्याकाळी उंची सुमारे एक सेंमी कमी भरते, म्हणून दर सहा महिन्यांनी एकाच वेळी मोजा. घोटाळा बहुतेक इथेच होतो. पाच वर्षांपासून वयात येईपर्यंत वर्षाला ५-६ सेंमी वाढ अपेक्षित आहे. चारपेक्षा कमी भरली तर पावडर नाही, तपासणी: थायरॉईड, गव्हाच्या ग्लुटेनचा त्रास, मूत्रपिंड, हाडांच्या वयासाठी (हाडं किती पक्व झालीत ते) डाव्या मनगटाचा एक्स-रे. मुलींना पाळी सुरू झाल्यावर वाढ थोडीच उरते, तोवर थांबू नका.

ए-३०२: एकाच जनुकामुळे खुंटणारी उंचीही असते हं. अकॉन्ड्रोप्लेझियात (हातपाय आखूड राहणारा जन्मजात बुटकेपणा) एफजीएफआर३ या एका जनुकातला बदल पुरतो, आणि अशी बहुतेक मुलं सर्वसाधारण उंचीच्या आईबाबांना होतात. तिथे हा हिशेब लागू नाही.

डी-२०३: मोजपट्टी भिंतीवर चिकटवतो आजच.