मदत हवी आहे: जास्त पॉइंट्सवाली घ्यायची की दुसरी? उद्यापर्यंत सांगा

कोर्ट_नंबर_दोन: बास्केटबॉलच्या बारा जणींच्या यादीत बाराव्या जागेवर अडलोय. दोघी आहेत, एक आत गेली की पटापट पॉइंट्स करते, दुसरीच्या नावावर कागदावर जवळपास काही नाही पण ती खेळत असली की आपला लीड वाढतो हे मला दिसतं. कमिटी म्हणते आकडे दाखवा. उद्या संध्याकाळी यादी द्यायची आहे, प्लीज लवकर.

डावखुरा: वयोगट कुठला? आणि आकडे लिहितं कोण? आपल्या स्कोअरशीटवर बास्केट आणि फाऊल एवढंच येतं, रिबाउंड (हुकलेला बॉल पकडणं), असिस्ट (ज्यावर बास्केट होते तो पास), स्टील (बॉल हिसकावणं) लिहायला वेगळा माणूस बसवावा लागतो.

कोर्ट_नंबर_दोन: अंडर-18, क्लबची टीम. स्कोअरशीटच आहे, अजून काय असणार! पॉइंट्सवर जायचं की नाही तेवढं सांगा.

फास्टब्रेक: अजिबात जाऊ नका. एनबीएत, म्हणजे अमेरिकेच्या बास्केटबॉल लीगमध्ये, वेस्टब्रुकने 2016-17 मध्ये अख्खा सीझन ट्रिपल-डबलची (तीन रकान्यांत दोन आकडी) सरासरी ठेवली, 31.6 पॉइंट्स, 10.7 रिबाउंड, 10.4 असिस्ट, एमव्हीपी (सीझनचा सर्वोत्तम खेळाडू) झाला, आणि त्याची टीम ओक्लाहोमा प्लेऑफच्या पहिल्याच राउंडला ह्यूस्टनकडून 4-1 हरली. त्यातले कितीतरी रिबाउंड असे की त्याच्याच टीमचा स्टीव्हन अ‍ॅडम्स आपला माणूस अंगाने अडवून धरणार आणि बॉल वेस्टब्रुकला सोडणार. अ‍ॅडम्सच्या त्या कामाचा रकाना बॉक्स स्कोअरमध्ये (मॅचच्या आकड्यांच्या तक्त्यात) कुठे असतो?

बोर्डवर_राज्य: हे नेहमीचं अर्धवट उदाहरण! त्याच सिरीजमध्ये वेस्टब्रुक बेंचवर बसला रे बसला की टीम कोसळायची, म्हणजे हरण्याचं खापर त्याच्यावर फोडता येत नाही. द्यायचं तर ड्रेमंड ग्रीनचं द्या. फेब्रुवारी 2017 ला मेम्फिसविरुद्ध पॉइंट्स फक्त 4, पण 12 रिबाउंड, 10 असिस्ट, 10 स्टील. आकडे खोटे नसतात, तुम्ही चुकीचा रकाना वाचता.

फास्टब्रेक: स्टील तरी मोजली जाते हो. समोरचीला तिच्या आवडत्या जागेवर बॉलच मिळू दिला नाही, ते कुठे मोजलं जातं?

ऑरेंजसिटी: भाऊ, तुम्ही एनबीए काय सांगून राहिले, ते पोट्टीबद्दल विचारून राहिले ना! ती डिफेन्सले कोणाला घेते ते सांगा आधी.

जुना_सेंटर: 1961-62 मध्ये एनबीएत चेंबरलेनची सरासरी मॅचला 50.4 पॉइंट्स होती. तेव्हा एमव्हीपी खेळाडूच मतदान करून ठरवायचे आणि त्यांनी निवडला बिल रसेल. रसेलसमोर खेळणाऱ्यांना माहीत होतं काय ते.

कसोटीप्रेमी: क्रिकेटमध्ये पण हेच. ब्रिस्बेन 2021 ला सगळ्यांना पंतचे नाबाद 89 आठवतात, पुजाराने 211 बॉल अंगावर घेऊन केलेले 56 कुणी सांगत नाही.

डावखुरा: क्रिकेट नको प्लीज. @कोर्ट_नंबर_दोन, कागद राहू द्या, मॅचचे व्हिडिओ आहेत का?

कोर्ट_नंबर_दोन: आहेत, एक पालक सगळ्या मॅच मोबाईलवर घेतात. का?

डावखुरा: अहो मग प्लस-मायनस काढा ना! ती कोर्टवर असताना आपले पॉइंट्स वजा समोरच्यांचे. दोघींचं काढा, कमिटीला आकडा मिळेल.

बोर्डवर_राज्य: सांभाळून. इतक्या थोड्या मॅचमध्ये प्लस-मायनस काहीही दाखवतं. ती कायम चांगल्या चौघींबरोबर उतरत असेल तर तिचा आकडा आपोआप फुगणार, आणि दुसरी हरलेल्या मॅचच्या शेवटी उतरत असेल तर तिचा बुडणार. शक्यतो बाकी चौघी त्याच असतानाची मिनिटं धरा, आणि सोबत डिफ्लेक्शन (हात लावून वळवलेले पास), स्क्रीन (उभं राहून समोरचीची वाट अडवणं), अंगावर घेतलेले चार्ज (समोरची येऊन धडकली की तिचा फाऊल) हाताने लिहून काढा.

फिजिओ_मी: या वयाच्या मुलींमध्ये गुडघ्यातलं एसीएल लिगामेंट फाटण्याचा धोका मुलांपेक्षा जास्त असतो. उडी मारून खाली येताना गुडघे आत वळतात का ते दोघींचं बघून घ्या, व्हिडिओत दिसेल.

ऑरेंजसिटी: बाकी अकरा जणींत बॉल आणणाऱ्या किती आहेत ते तर कोणी विचारलंच नाही.

कोर्ट_नंबर_दोन: एकच आहे. कमी पॉइंट्सवाली पण गार्डच आहे, तिला प्रेसमध्ये (समोरच्या पूर्ण कोर्टभर अंगावर येतात तेव्हा) बॉल आणता येतो.

ऑरेंजसिटी: मग तुमच्या एकुलत्या एक गार्डले चौथा फाऊल लागून बसवावं लागलं तर काय करान? हिलेच घ्या.

बोर्डवर_राज्य: आणि टीम अडकली की बास्केट कोण टाकणार? पॉइंट्स करणारी पण लागतेच, तिला उगाच कमी लेखू नका.

कोर्ट_नंबर_दोन: व्हिडिओ लावलाय, मोजतोय. फाऊल झाल्यावर दोन फ्री थ्रोच्या मध्ये चेंज झाला तर दुसरा पॉइंट कुणाच्या खात्यात?

डावखुरा: फाऊल झाला तेव्हा जी आत होती तिच्या. मी तसंच धरतो.