मदत हवी आहे : आमसोलात मोसंबीचा रस कडू होऊ नये म्हणून काय करावे?

नमस्कार. मी जालन्याचा आहे आणि माझ्या पत्नीचे माहेर गोव्याचे आहे. गेल्या वर्षी सासूबाई वारल्या. तेव्हापासून पाऊस लागला की पत्नी त्यांच्या हातच्या आमसोलाची आठवण काढते. चरबीसकट घेतलेले डुकराचे मांस, कांदा, आले, लसूण, हिरवी मिरची आणि कोकमाची सोले मंद आचेवर, अगदी थोड्या पाण्यात शिजवून त्या हा पदार्थ करीत. (आपण वाळवलेल्या सालीला आमसूल म्हणतो, तिकडे पदार्थालाच ते नाव मिळाले आहे.) त्यांनी प्रमाण कुठेच लिहून ठेवलेले नाही.

मागच्या रविवारी मी छत्रपती संभाजीनगरहून आणलेले अर्धा किलो गोठवलेले मांस शिजवले. किराणा दुकानातील आमसुले जुनी निघाली आणि आंबटपणा कमी पडला, म्हणून आमच्या शेतातील दोन मोसंब्यांचा रस सुरुवातीलाच घालून सगळे पाऊण तास मंद आचेवर ठेवले. मांस मऊ झाले, पण रस्सा इतका कडू झाला की पत्नीने दोन घासांनंतर ताट बाजूला ठेवले, आणि याचे मला फार वाईट वाटले. मोसंबीचा रस तापवला, किंवा काढून नुसता ठेवला, तरी लिमोनिन या कडू घटकामुळे त्यात कडवटपणा उतरतो, हे मला नंतर समजले. सीताफळाचा गरही तापवल्यावर कडू होतो, त्यामुळे तो विचार मी सोडला आहे.

माझा मुख्य प्रश्न असा, की मांस आतपर्यंत पूर्ण शिजवून भांडे उतरवल्यावर ताजा रस घातला, तर चव टिकते का, आणि अर्धा किलोला किती रस पुरतो? अननसाचा पर्यायही डोळ्यांसमोर आहे. मात्र त्यातील ब्रोमेलेन हे विकर (एन्झाइम) मांसातील प्रथिने तोडते, त्यामुळे कच्च्या फोडी फार वेळ लावून ठेवल्यास मांसाचा लगदा होईल, अशी भीती वाटते. त्या फोडी मांसाबरोबरच शिजवाव्यात का? चिंच आणि येसर (आमच्या मराठवाड्यातला मसाला) मी जाणूनबुजून टाळतो, कारण त्यांनी पदार्थ आमच्या घरचा होतो, तिच्या आईचा राहत नाही.

सासूबाईंचा पहिला स्मृतिदिन तीन आठवड्यांवर आला आहे. त्याआधी एकदा करून पाहता येईल, म्हणून ज्यांनी स्वतः केले आहे त्यांनी कृपया प्रमाणासह लिहावे.