काशीद-दिवेआगरच्या मुक्कामातून एका दिवसात कोलाड राफ्टिंग : आपापले अनुभव सांगा

कर्वेनगरची :
डिसेंबरात काशीदला तीन दिवसांचं रिसॉर्ट घेतलंय. माणसं सात : आम्ही दोघं, दीर-जाऊ, सासूबाई आणि दोन मुलं, वय १६ आणि ११. मधल्या दिवशी कोलाडला जाऊन कुंडलिकेत राफ्टिंग करायचं आणि संध्याकाळी परत समुद्रावर, असा बेत. रिसॉर्टवाले म्हणतात, "जवळच आहे मॅडम, आरामात होतं." हे 'आरामात' मला खुपतंय. जे खरंच जाऊन आलेत त्यांनी लिहा. फजिती झाली असेल तर आधी तीच सांगा.

पौडफाटा :
आम्ही काशीदहूनच गेलो होतो. अंतराचं काही नाही, घोडं अडतं नाश्त्यापाशी. हसू नका. राफ्टिंगवाले म्हणाले साडेआठला हजर राहा, आणि रिसॉर्टचा नाश्ता सुरूच होतो साडेआठला. आदल्या रात्री म्हटलं, पोहे बांधून द्या. उत्तर : "आचारी सातला येतो." शेवटी केळी, बिस्किटं आणि थर्मासातला चहा यांवर पावणेसहाला निघालो. रोह्यापर्यंत रस्ता अरुंद, वळणावळणाचा, आणि अंधारात मधोमध गुरं बसलेली. राफ्टिंग झकास झालं, त्यात वादच नाही. पण परत आलो तेव्हा साडेचार वाजलेले आणि सगळे आडवे. समुद्र खिडकीतून पाहिला. त्या दिवसाचे रिसॉर्टचे पैसे मात्र पूर्ण.

निवृत्त_पंपहाउस :
साडेआठच का, ते सांगतो. पावसाळा सोडला तर कुंडलिकेत राफ्ट चालेल एवढं पाणी मुळात नसतंच. ते येतं आपल्या मुळशीतून. धरणाचं पाणी डोंगरापलीकडे नेऊन जवळजवळ ५०० मीटर खाली भिऱ्याच्या वीजघरात सोडतात. १९२७ पासून हे चालू आहे. वीज करून झालेलं पाणी पुढे नदीत येतं आणि साजे गावापासून खाली बारा-तेरा किलोमीटर राफ्ट त्याच्यावर जातात. सकाळी पाणी आलं की सगळे एकामागोमाग निघतात. उशिरा पोहोचलात तर पाणी तुमच्या आधी निघून गेलेलं असतं. एरवी जे मुळा-मुठेतून भीमेला आणि पार बंगालच्या उपसागराला गेलं असतं, ते घाट उतरून अरबी समुद्राला जातं. याच धरणाविरुद्ध १९२१ साली मुळशीत सत्याग्रह झाला, सेनापती बापट त्यातलेच. (विषयांतर झालं. पण लाइफजॅकेटचे पट्टे आवळताना आठवलं तर बरं.)

चिंचवडस्टेशन :
आमची फजिती घ्या. दिवेआगरहून म्हसळा, माणगाव करत पहाटे कोलाड गाठलं. बुकिंग पक्कं, आगाऊ पैसे भरलेले. तिथे गेल्यावर कळलं, आज पाणी सुटणार नाही. वीजघरात काहीतरी काम निघालं होतं म्हणे. फोन का केला नाही विचारलं तर "रेंज नव्हती". पैसे परत नाहीत, "पुढच्या वेळी वापरा". पुढची वेळ अजून आलेली नाही. येताना माणगावात रविवारची कोंडी, तासभर जागचे हललो नाही. माझा एकच सल्ला : 'बुकिंग पक्कं का' असं विचारू नका, त्याला सगळे होच म्हणतात. आदल्या रात्री फोन करून विचारा, 'उद्या पाणी किती वाजता सुटणार?' जो थेट वेळ सांगेल त्याच्याकडे जा.

दोघांची_आई :
११ वर्षांच्या मुलाचं आधी बघ गं. बहुतेक ठिकाणी १४ वर्षांखाली घेत नाहीत. आम्हाला फोनवर "चालतं हो" म्हणाले, काठावर गेल्यावर मात्र नाही. चुकलं त्यांचं नाही म्हणायचं, नियम योग्यच आहे, पण फोनवरच सांगायला काय जात होतं? धाकटा दिवसभर तोंड पाडून. संथ पाण्यात कायाक चालवायला दिली तेव्हा कुठे हसला. मोठीला जायचंच होतं, मग नवरा गेला तिच्याबरोबर आणि मी काठावर.

अठ्ठावन्न_पूर्ण :
सगळे वेळ आणि पैशांचं लिहिताहेत, नदीचं कुणी लिहीतच नाही! मला पोहता येत नाही. मुलीने फसवून नेलं, "नुसतं बसायचंय आई" म्हणून. बसायचं म्हणजे राफ्टच्या काठावर एक मांडी टाकून, पाय आतल्या फटीत रुतवून, हातात वल्हं. आमचा गाइड पंचविशीतला नेपाळी मुलगा. "फॉरवर्ड", "बॅक", "स्टॉप" असं शिकवलं आणि म्हणाला, "आंटी, पडलात तर पाय पुढे करून पाठीवर तरंगा, उभं राहायचं नाही." पडलात तर! मी तिथूनच परत फिरणार होते.

पहिली खळखळ सुरुवातीलाच लागते. समोर पाणी खड्ड्यात उतरताना दिसतं, राफ्टचं नाक खाली जातं आणि अख्खी लाट तोंडावर. मे महिना, पण पाणी असं गार की ओरडायलाही आवाज फुटेना. दुसऱ्या खळखळीला मी ओरडले, तिसरीला हसत होते. पोहण्यात पदकं मिळवलेले आमचे जावई चौथीला पाण्यात गेले. ते सुखरूप आहेत. माझी डाव्या पायातली चप्पल नाही. शेवटच्या संथ टप्प्यात गाइड म्हणाला, उतरा. लाइफजॅकेटवर पडून आकाश बघत वाहत राहायचं, दोन्हीकडे झाडी, कुणी काही बोलत नाही. मी अशी पाण्यात पहिल्यांदाच आयुष्यात. दुसऱ्या दिवशी दंड असे दुखत होते की वेणी घालता येईना.

मागे पट्टा असलेल्या चपला घाला, चष्म्याला दोरी बांधा, गाडीत जुना टॉवेल अंथरा.

ताम्हिणी_रोजची :
मुळात बेतच उलटा आहे. मधला दिवस मोडताच कशाला? पुण्याहून निघाल त्याच दिवशी उरका. पहाटे साडेचारला चांदणी चौक, पिरंगुट, पौड, ताम्हिणी उतरून विळे. तिथून डावीकडे निजामपूर-माणगाव, तिकडे वळू नका. सुतारवाडीवरून कोलाड धरा. साडेआठच्या आत पोहोचता. दुपारी जेवून रोहामार्गे काशीद. एवीतेवी रिसॉर्टची खोली दुपारपर्यंत मिळत नाहीच, तो सकाळचा वेळ फुकट जातो तो वापरा. पावसाळ्यात मात्र हे करू नका. घाटात धुकं, वर दरडी.

पौडफाटा :
हे आधी का नाही सुचलं मला.

कर्वेनगरची :
आलो जाऊन. ताम्हिणी_रोजची यांचंच ऐकलं. रात्री फोन केला, वेळ थेट सांगितली, तिथेच गेलो. साडेचार म्हणता म्हणता पाच झाले, पण पोहोचलो. जाऊबाईंना पाण्याची भीती, त्या धाकट्याबरोबर कायाकपाशी थांबल्या. सासूबाईंनी अठ्ठावन्न_पूर्ण यांचा अनुभव माझ्याकडून दोनदा वाचून घेतला होता. "मी सत्तरची आहे म्हणून सांगू नकोस" म्हणाल्या, पण गाइडने विचारलं तेव्हा स्वतःच खरं वय सांगून टाकलं आणि काठावर बसल्या. तीनला काशीद. समुद्र दोन पूर्ण दिवस मिळाला.

परतताना अलिबाग, पेण, खोपोलीवरून आलो. साळावच्या पुलावर रेवदंड्याची खाडी लागते, ती कुंडलिकेचीच. अठ्ठावन्न_पूर्ण, गाडी हळू करून पाहिलं. तुमची चप्पल दिसली नाही.